भ्रूणपरीक्षण, छेदविरहित

भ्रूणपरीक्षण, छेदविरहित : वंध्यत्वावरील उपचारांत प्रयोगशाळेत वाढविलेल्या भ्रूणातील एकही कोशिका (पेशी) न काढता त्याच्या वाढीचा व निरोगीपणाचा अंदाज घेण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. या उपचारात स्त्रीला हॉर्मोने टोचून एका वेळी अनेक अंडकोशिका मिळवितात आणि त्यांचे शुक्राणूंशी काचपात्रात फलन घडवून आणतात. त्यांपासून झालेले सर्व भ्रूण एकदम गर्भाशयात सोडल्यास जुळी-तिळी होऊन माता व अर्भके यांना धोका संभवतो. म्हणून त्यांतील शक्यतो एक निवडावा लागतो. निवड चुकल्यास एक संपूर्ण उपचारचक्र वाया जाते, आणि वय वाढलेल्या स्त्रीला तशी फार चक्रे उपलब्ध नसतात.

प्रारंभी हा प्रश्नच नव्हता. रॉबर्ट एडवर्ड्‌झ, पॅट्रिक स्टेप्टो व जीन पर्डी यांच्या प्रयत्नांनी २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डम येथे जन्मलेली मुलगी नैसर्गिक ऋतुचक्रात मिळालेल्या एकाच अंडकोशिकेपासून झाली होती. आठ कोशिकांचा तो भ्रूण हाच एक पर्याय होता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी इंदिरा हिंदुजा व टी. सी. आनंदकुमार यांच्या कार्यातून अशा तंत्राने मुलगी जन्मली, तोपर्यंत अंडाशयाला चेतना देण्याची पद्धत जगभर रूढ झाली होती व निवडीचा प्रश्न उभा राहिला होता.

बाह्यरूपावरून परीक्षण : ही सर्वांत जुनी व आजही सर्वाधिक वापरात असलेली पद्धत होय. फलनक्रियेनंतर सु. १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन केंद्रके, एक मातेकडील व एक पित्याकडील, शेजारी-शेजारी दिसावी लागतात. तीन दिसल्यास फलन सदोष मानतात. दुसऱ्या दिवशी चार व तिसऱ्या दिवशी आठ कोशिका अपेक्षित असतात. त्या सारख्या आकाराच्या असाव्यात व त्यांच्यामध्ये तुटलेल्या जीवद्रव्याचे कण फारसे नसावेत. पाचव्या दिवशी भ्रूणात द्रवाने भरलेली पोकळी तयार होते. या अवस्थेला कोरकपुटी किंवा ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आतील कोशिकांच्या पुंजक्यापासून गर्भ व बाहेरील थरापासून वार तयार होते. डेव्हिड गार्डनर व विल्यम स्कूलक्राफ्ट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या श्रेणीपद्धतीत पोकळीच्या विस्ताराला १ ते ६ अंक आणि पुंजका व बाह्यथर यांना प्रत्येकी एक अक्षर देतात. ही पद्धत बिनखर्चाची असली, तरी एकाच भ्रूणाला दोन तज्ञ वेगवेगळी श्रेणी देतात असे वारंवार आढळते. शिवाय गुणसूत्रांच्या संख्येतील दोष सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. देखण्या भ्रूणात तो असू शकतो आणि सामान्य श्रेणीच्या भ्रूणापासून निरोगी मूल जन्मते. श्रेणीचा संबंध फक्त रोपणाच्या संभवाशी आहे. जन्मणाऱ्या मुलाच्या रूपाशी वा बुद्धीशी नाही, हे दांपत्यांना स्पष्ट सांगणे आवश्यक असते.

सलग छायाचित्रण : उबकपेटीत बसविलेला कॅमेरा दर काही मिनिटांनी भ्रूणाचे छायाचित्र घेतो. पेटी उघडावी न लागल्याने तापमान व वायूंचे प्रमाण स्थिर राहते आणि एरवी सुटून जाणाऱ्या घटना नजरेस येतात. उदा., एका कोशिकेचे थेट तीन कोशिकांत होणारे घाईचे विभाजन. असे भ्रूण क्वचितच रुजतात. या पद्धतीकडून फार अपेक्षा होत्या. परंतु ब्रिटन व हाँगकाँग येथील सात केंद्रांतील १,५७५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत जिवंत जन्मांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीपेक्षा लक्षणीयरीत्या वाढले नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत १,०६६ रुग्णांबाबत संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली निवड तज्ञाच्या निवडीशी ताडून पाहिली. गर्भधारणेचे प्रमाण अनुक्रमे ४६·५ व ४८·२ टक्के आले. यंत्र तज्ञापेक्षा कमी नाही एवढेही त्यातून सिद्ध झाले नाही. यंत्राने वेळ मात्र पुष्कळ वाचतो.

संवर्धन माध्यमाचे परीक्षण : भ्रूण ज्या थेंबात वाढतो त्या द्रवात तो काय घेतो व काय सोडतो यावरून अंदाज बांधण्याची कल्पना आकर्षक आहे. प्रारंभीचा भ्रूण मुख्यतः पायरुव्हेट वापरतो, पुढे ग्लुकोजाचा वापर वाढतो. हेन्री लीस यांनी २००२ मध्ये मांडलेल्या मतानुसार टिकणारा भ्रूण ‘शांत’ असतो, म्हणजे त्याचा चयापचय मंद असतो. माध्यमाचे अवरक्त वर्णपटाने परीक्षण करणारे उपकरणही निघाले होते. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचण्यांत त्याचा लाभ दिसला नाही.

सध्या अधिक लक्ष वेधले आहे ते माध्यमात उतरलेल्या डीएनएच्या तुकड्यांनी. त्यांच्यावरून गुणसूत्रांची संख्या कळू शकते व बाह्यथरातील काही कोशिका कापून काढणे टळते. २०२० मधील एका बहुकेंद्री अभ्यासात १,३०१ भ्रूणांच्या बाबतीत माध्यमाचा व कापून घेतलेल्या कोशिकांचा निष्कर्ष ७८·२ टक्के वेळा जुळला. म्हणजे पाचांत एकदा तो जुळला नाही. अंडकोशिकेभोवतीच्या मातेच्या कोशिकांचा डीएनए माध्यमात मिसळणे हे याचे एक कारण होय. त्यामुळे आधी कोणता भ्रूण सोडावा हा क्रम लावण्यास ही पद्धत उपयोगी पडू शकेल, पण केवळ तिच्या आधारे भ्रूण टाकून देणे समर्थनीय नाही. छेद टळला तरी चुकीच्या निर्णयाने होणारी हानी टळत नाही.

याच थेंबावरून भ्रूणाचे लिंगही कळू शकते. प्रसवपूर्व निदानावर नियंत्रण आणणारा भारतातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्यातील दुरुस्तीने २००३ पासून गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीवरही बंदी आहे, आणि ठराविक लिंगाचे मूल देऊ करण्यास उपचारकेंद्रांना २०२१ च्या सहायित जननतंत्रविषयक कायद्याने मनाई केली आहे.