समुद्र आधीच तापला तर...

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा, म्हणजेच 'हरिकेन'चा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्याचा खरा जोर असतो तो ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. उन्हाळाभर तापत गेलेले पाणी त्या काळात सर्वाधिक उष्ण झालेले असते. २०२४ मध्ये मात्र हा क्रम बिघडला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून कॅरिबियन समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात एरवी ऑगस्टमध्ये आढळणारी उष्णता मे महिन्यातच नोंदली गेली. अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी हवामान व सागर संस्थेने २३ मे रोजी १७ ते २५ वादळांचा अंदाज जाहीर केला. मे महिन्यात या संस्थेने तोवर वर्तविलेला हा सर्वांत मोठा आकडा होता.

हंगामाच्या तोंडावर समुद्र असा तापलेला असणे म्हणजे नेमके काय? यंदा वादळे अधिक येणार, असा सरळ अर्थ बहुतेक जण काढतात. गेल्या काही हंगामांचा अनुभव पाहता हा अर्थ अपुरा ठरतो. तापलेल्या समुद्रामुळे वादळांची संख्या वाढेलच असे नाही. मात्र आलेले वादळ किनाऱ्यावरील माणसाला सावरण्यासाठी किती वेळ देईल, हे त्या पाण्यावर बरेचसे अवलंबून असते.

वादळाचे इंधन

चक्रीवादळ हे एक प्रकारचे उष्णतेवर चालणारे इंजिन आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती वर चढते, उंचावर थंड होऊन तिचे ढग बनतात. या क्रियेत वाफेत दडलेली उष्णता मोकळी होते. तिच्यामुळे हवा आणखी वर खेचली जाते, खालचा दाब उतरतो आणि भोवतालची बाष्पयुक्त हवा वेगाने आत धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे या हवेला चक्राकार गती मिळते. हे चक्र चालू राहण्यासाठी पाण्याचे तापमान साधारणपणे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते. तापमानाच्या या उंबरठ्याकडे फिनलंडचे हवामानशास्त्रज्ञ एरिक पामेन यांनी १९४८ मध्येच लक्ष वेधले होते.

पाणी त्याहून जितके अधिक उष्ण, तितके इंधन अधिक. शिवाय हवेचे तापमान एक अंशाने वाढले, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे उष्ण समुद्रावरून आलेल्या वादळात वाऱ्याइतकीच पावसाचीही धास्ती असते.

समुद्र का तापला?

मानवनिर्मित हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता महासागर शोषून घेतात. ही वाढ संथ, पण अखंड आहे. तिच्यावर दरवर्षीचे चढउतार स्वार होतात. २०२३ च्या मध्यात प्रशांत महासागरात 'एल निनो' अवतरला. त्याच सुमारास अटलांटिकवरील व्यापारी वारे मंदावले होते. वारे मंद असले, की बाष्पीभवन कमी होते आणि खालचे थंड पाणी वर येण्याची क्रियाही रोडावते; साहजिकच वरचा थर तापत राहतो. जहाजांच्या इंधनातील गंधकावर २०२० पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. त्यामुळे सूर्यकिरण परतविणारे प्रदूषक कण घटले आणि समुद्रावर अधिक ऊन पडू लागले, असेही सांगितले जाते. या कारणाचा वाटा किती, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

संख्येचा चकवा

उष्ण पाणी ही वादळाची गरज आहे, हमी नव्हे. वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात वा दिशेत मोठी तफावत असेल, तर वादळाचा उभा स्तंभ मोडून पडतो. सहारा वाळवंटावरून येणारी कोरडी, धुळीने भरलेली हवाही त्याचा श्वास कोंडते. 'एल निनो'च्या काळात अटलांटिकवर ही तफावत वाढते, तर 'ला निना'च्या काळात ती घटते.

म्हणूनच आकड्यांचे अंदाज कधीकधी फसतात. २०१३ मध्ये मोठ्या हंगामाचे भाकीत होते. प्रत्यक्षात अवघी दोन वादळे 'हरिकेन'च्या पायरीपर्यंत पोहोचली. उलट २०२३ मध्ये 'एल निनो' प्रबळ असूनही विक्रमी उष्ण पाण्याने त्याच्यावर मात केली आणि २० वादळे नोंदली गेली. २०२४ मध्ये ऑगस्टच्या मध्यापासून ९ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे ऐन भरात, एकाही नव्या वादळाला नाव द्यावे लागले नाही. अंदाज साफ चुकला, अशी चर्चा तेव्हा सुरू झाली. हंगाम संपला तेव्हा मात्र १८ वादळे, त्यांपैकी ११ 'हरिकेन' आणि त्यांतील पाच तीव्र, असा हिशेब लागला. सरासरी आहे १४, ७ आणि ३.

किनाऱ्यावरील रहिवाशाला या बेरजेचा उपयोग फारसा नाही. १९९२ चा हंगाम अत्यंत शांत होता. त्यातले पहिलेच नामांकित वादळ 'अँड्र्यू' २४ ऑगस्टला दक्षिण फ्लोरिडावर पाचव्या श्रेणीच्या तीव्रतेने आदळले. आपल्या गावावर एकच वादळ आले, तरी त्या गावापुरता तो हंगाम भीषणच असतो.

शुक्रवार ते सोमवार

तापलेल्या पाण्याचा खरा परिणाम दिसतो तो वादळाच्या वेगाने बलवान होण्यात. २४ तासांत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटरने वाढला, तर त्याला 'जलद तीव्रीकरण' म्हणतात. २८ जून २०२४ रोजी, शुक्रवारी, अटलांटिकमध्ये एक साधे उष्णकटिबंधीय न्यूनदाब क्षेत्र होते. सुमारे ४२ तासांत त्याचे तीव्र 'हरिकेन' झाले. 'बेरील' हे त्याचे नाव. सोमवारी, १ जुलैला सकाळी, ते ग्रेनाडा देशातील कॅरियाकू या छोट्या बेटावर चौथ्या श्रेणीच्या ताकदीने धडकले. बेटावरील जवळपास सर्व इमारतींची पडझड झाली. पुढे काही तासांतच 'बेरील'ने पाचवी श्रेणी गाठली. इतक्या लवकर ही पायरी गाठणारे अटलांटिकमधील हे ज्ञात इतिहासातले पहिलेच वादळ. जूनअखेरीस त्या पट्ट्यात वादळ बनणे हेच मुळी दुर्मीळ असते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोच्या आखातात 'मिल्टन'ने २४ तासांत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे दीडशे किलोमीटरने वाढविला. ५ तारखेला जन्मलेले हे वादळ ७ तारखेला पाचव्या श्रेणीत गेले आणि ९ तारखेच्या रात्री फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी 'हेलेन'ने तेथे घातलेल्या थैमानाचा ढिगारा रस्त्यांवरून पुरता हटलाही नव्हता. 'हेलेन'ने एकंदर सुमारे अडीचशे बळी घेतले. त्यांतील अनेक जण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात पुराने दगावले.

खोलवर साठलेली ऊब

केवळ पृष्ठभागाचे तापमान पाहून चालत नाही. वादळ जाताना पाणी घुसळून काढते. उष्ण थर पातळ असेल, तर खालचे थंड पाणी वर येऊन वादळाची आगच विझवते. थर खोल असेल, तर घुसळूनही वर येते ते उष्ण पाणीच. २००५ मध्ये 'कतरिना' मेक्सिकोच्या आखातातील 'लूप करंट' या उष्ण प्रवाहाच्या पट्ट्यावरून गेले आणि २८ ऑगस्टला पाचव्या श्रेणीत पोहोचले. दुसऱ्या दिवशी ते किनाऱ्यावर आले आणि न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मेलिसा' कॅरिबियन समुद्रात अत्यंत संथ गतीने रेंगाळत होते. एरवी असे रेंगाळणारे वादळ स्वतःच गार केलेल्या पाण्यामुळे कमजोर होते. येथे उष्णता खोलवर असल्याने ते बळावतच गेले आणि २८ ऑक्टोबरला ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह जमैकावर आदळले. त्या हंगामात वादळे झाली १३, म्हणजे सरासरीहूनही कमी. पण पाचव्या श्रेणीची तीन. संख्या आणि तीव्रता यांचे गणित वेगवेगळे असते, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

निर्णयाची वेळ

अमेरिकेत वादळी वारे पोहोचण्याच्या सुमारे ३६ तास आधी 'हरिकेन'चा अधिकृत इशारा दिला जातो. वादळाचा मार्ग आज पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक सांगता येतो. त्याची तीव्रता केव्हा झेप घेईल, हे सांगणे मात्र अजूनही अवघड आहे. रात्री झोपताना दुसऱ्या श्रेणीचे असलेले वादळ सकाळी चौथ्या श्रेणीचे झाले, तर रुग्णालये रिकामी करणे, वृद्धांना हलविणे, पुलांवरून वाहने बाहेर काढणे, यांसाठी आखलेले वेळापत्रकच कोलमडते. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याला तर पहिल्या इशाऱ्यालाच निघावे लागते. छोट्या बेटांवर निघून जायला दुसरे गाव नसते. तेथे भक्कम निवारे आणि मजबूत छपरे हंगामापूर्वीच तयार असणे, हाच उपाय उरतो.

अरबी समुद्रालाही हेच भौतिकशास्त्र लागू आहे. हा समुद्र तापत असून तेथील चक्रीवादळे बळावत असल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' झपाट्याने तीव्र झाले. त्या वादळात मुंबईच्या पश्चिमेस, बॉम्बे हायच्या परिसरात, 'पी-३०५' हा तराफा बुडाला आणि अनेक कामगारांना प्राण गमवावे लागले. वादळाच्या मार्गाची पूर्वकल्पना होती. समुद्रातून माघारी येण्याचा निर्णय मात्र वेळेत झाला नाही.

मे महिन्यातील समुद्राच्या तापमानाची बातमी वाचताना यंदा वादळे किती, हा प्रश्न मनात येतो. त्याहून उपयोगी प्रश्न दुसरा आहे. नेहमी तीन दिवसांत होणारी तयारी दीड दिवसात करायची वेळ आली, तर आपले शहर ती करू शकेल काय? त्याचे उत्तर समुद्र शांत असतानाच शोधावे लागते.