नॉर्बरचे उपरे धोंडे

उत्तर इंग्लंडमधला यॉर्कशायर डेल्स हा मेंढपाळांचा मुलूख. खाली हिरवी खोरी, चुन्या-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी कुंपणभिंती आणि वर चुनखडीचे फिकट राखाडी कातळ. ऑस्टविक गावाजवळच्या नॉर्बरच्या उतारावर मात्र पावलं थबकतात. त्या फिकट कातळावर काळपट, अजस्र धोंडे विखुरले आहेत आणि त्यांतले काही चक्क चौथऱ्यांवर बसले आहेत!

त्यांची वयं ऐकली की आणखी चक्रावायला होतं. जुना थर खाली, नवा वर, हा खडकांचा साधा नियम. इथं नेमकं उलटं. चौथऱ्याची चुनखडी सुमारे ३३ कोटी वर्षांची, तर वरचा धोंडा ४२ कोटी वर्षांहून जुना.

हे धोंडे इथले नाहीतच. ते ग्रेवॅकी नावाच्या कठीण वालुकाश्माचे, शेजारच्या क्रमॅकडेल खोऱ्यातले. तिथं हा जुना खडक चुनखडीच्या खालून उघडा पडला आहे. हिमयुगात या खोऱ्यावरून हिमनदी सरकत होती. बर्फाची ही नदी स्वतःच्याच भारानं पुढं जाते आणि वाटेतले खडक उपटून सोबत नेते. पाणी उतारानंच वाहणार. हिमनदीला मात्र मागच्या बर्फाचा रेटा असतो, त्यामुळे ती दगडांना चढावरही नेऊ शकते. तिनं हे धोंडे असेच वर आणले. सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळला आणि ते होते तिथंच राहिले.

मग चौथरे कुणी घडवले? पावसानं! हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होतं. त्यात चुनखडी हळूहळू विरघळते, ग्रेवॅकीला मात्र ते फारसं बाधत नाही. धोंड्यांनी छत्रीसारखा आडोसा दिला, तेवढी चुनखडी वाचली. आजूबाजूची खाली खाली गेली. चौथऱ्याची उंची म्हणजे विरघळून गेलेल्या कातळाचं मोजमाप. ती सरासरी फूटभर धरली, तर एक सेंटीमीटर कातळ झिजायला साधारण ६०० वर्षं लागली!

याच पावसानं उघड्या कातळातल्या भेगाही रुंदावल्या. स्थानिक लोक त्यांना ‘ग्राइक’ म्हणतात आणि मधल्या सपाट लाद्यांना ‘क्लिंट’. वाकून पाहिलं, तर वरच्या रुक्ष दगडाखाली, मेंढ्यांचं तोंड पोचत नाही अशा ओलसर सावलीत नेची हिरवीगार वाढलेली दिसतात.

हे घडणं संपलेलं नाही. पाऊस चौथऱ्यांच्या कडा आजही कुरतडतो आहे. आधार पुरेसा झिजला की धोंडा कलंडेल, चौथरा उघडा पडेल आणि इतकी वर्षं वाचलेली ती चुनखडीही विरघळू लागेल.