अवजड यंत्रांचे ब्रेक : डहाणू-तलासरी परिसरातील एक दुर्लक्षित काम

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकास वसलेल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांचे रूप गेल्या काही वर्षांत झपाट्याने पालटत आहे. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचा मार्ग याच भागातून गुजरातच्या हद्दीत शिरतो. ९७० टन वजनाच्या आणि ४० मीटर लांबीच्या अखंड गर्डरची महाराष्ट्रातील पहिली उभारणी २०२५ मध्ये डहाणू तालुक्यातील साखरे गावी झाली. मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग तलासरी तालुक्यातून जातो. जुन्या राष्ट्रीय महामार्गाचे काँक्रिटीकरण झाले. आणि डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. या सर्व कामांसाठी लागणारी खडी, मुरूम, सिमेंट आणि लोखंड वाहून नेणारे टिपर, काँक्रीट मिक्सर, ट्रेलर आणि क्रेन यांची वर्दळ आज चारोटी नाक्यापासून अच्छाडच्या सीमा तपासणी नाक्यापर्यंत दिवसरात्र दिसते.

एखादे काम किती किलोमीटर पुढे सरकले, याची नोंद सर्वत्र होते. परंतु भरलेला टिपर खाणीच्या उतारावरून पाड्यालगतच्या रस्त्यावर येतो, तेव्हा तो वेळेवर थांबतो की नाही, हे ज्या चार बोटे जाडीच्याही नसलेल्या पट्टीवर अवलंबून असते, तिची नोंद क्वचितच घेतली जाते. ही पट्टी म्हणजे ड्रम ब्रेकचा लायनर होय.

ड्रम ब्रेकची रचना समजण्यास अवघड नाही. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पोकळ ड्रम आणि त्याच्या आत स्थिर बसविलेले दोन अर्धवर्तुळाकार ब्रेक शू, असे तिचे मुख्य भाग आहेत. शूवर लायनर रिव्हेटने जडविलेले असतात. पेडल दाबताच शू बाहेर फाकतात, लायनर ड्रमला आतून घासतो आणि चाक मंदावते. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीत आलेली ही रचना अनेक प्रवासी मोटारींच्या पुढच्या चाकांवरून हद्दपार झाली आणि तिची जागा डिस्क ब्रेकने घेतली. मोठ्या खाण-डंपरमध्ये आणि लोडरमध्येही आता तेलात बुडालेल्या चकत्यांचे ब्रेक असतात. मात्र रस्त्यावर धावणारे टिपर, ट्रेलर आणि काँक्रीट मिक्सर यांच्या बाबतीत ड्रम ब्रेकचेच राज्य बव्हंशी टिकून आहे. माल उचलणाऱ्या अनेक क्रेनच्या यंत्रणेतही ड्रम आणि शू यांचाच ब्रेक असतो. धूळ आणि चिखल यांपासून मिळणारा आडोसा, स्वस्त सुटे भाग आणि कोणत्याही नाक्यावरील गॅरेजमध्ये होऊ शकणारी दुरुस्ती ही त्याची कारणे होत.

टिपरमध्ये शू फाकविण्याचे काम दाबाखालील हवा करते. हवा चेंबरमधील पडदा ढकलते, पडदा दांडा ढकलतो, दांडा स्लॅक ॲडजस्टर नावाचा आखूड तरफ फिरवितो आणि त्या तरफेच्या दुसऱ्या टोकाशी असलेला इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा कॅम दोन्ही शूंना बाजूला सारतो. या साखळीतील प्रत्येक सांध्याला थोडी ढील असते. लायनर झिजत जातो तशी ती वाढते. ढील वाढली की दांड्याला अधिक लांब जावे लागते, आणि चेंबरमधील दांड्याची धाव तर ठरलेली आहे. ती संपली की चालकाने पेडलवर उभे राहूनही अधिक जोर मिळत नाही.

उताराचा हिशेब

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करीत नाही. तो वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा २५ टनांचा टिपर एकदा थांबविला, तर निर्माण होणारी उष्णता सुमारे ५ लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी असते. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. हाच टिपर केवळ १० मीटर उंचीवरून ब्रेकच्या आधारे सावकाश खाली उतरविला, तर त्याहूनही दीडपट उष्णता ब्रेकमध्ये साठते. डहाणूच्या पूर्वेस कासा सोडून जव्हारकडे निघालेला घाटरस्ता असो की काळ्या दगडाच्या खाणीत उतरणारी कच्ची वाट असो, येथील उतार दहा मीटरवर थांबत नाहीत.

तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर जातो. त्याच वेळी तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. सकाळी थंड ब्रेकवर तपासणी केली असता जेमतेम चालणारी ढील, दुपारी घाटाच्या तिसऱ्या वळणावर अपुरी ठरते ती यामुळेच. अपघातानंतर ‘ब्रेक अचानक निकामी झाला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. तथापि अशा अनेक प्रसंगी अचानक असे काहीच घडलेले नसते. ढील आठवड्याआठवड्याने वाढत आलेली असते आणि उताराने फक्त तिचा हिशेब मागितलेला असतो. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय तर सर्वांत घातक, कारण त्यामुळे इंजिनाचा अडसर नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो. चढताना जो गिअर लागतो तोच, किंवा त्याहून एक खालचा, उतरताना ठेवावा, हा जुन्या चालकांचा प्रघात शास्त्रशुद्ध आहे.

या परिसराचे हवामानही ब्रेकला अनुकूल नाही. पश्चिमेस समुद्राची खारी हवा लोखंडाला गंज चढविते. पावसाळ्याचे चार महिने दमट हवेतील पाणी कॉम्प्रेसरवाटे हवेच्या टाकीत साठते आणि तेथून व्हॉल्व्हमध्ये शिरते. टाकीखालची तोटी रोज उघडून हे पाणी काढून टाकण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. फरशी पुलावरील पाण्यातून गाडी काढल्यावर काही अंतर हलका ब्रेक दाबून लायनर वाळवून घ्यावा लागतो. घाट उतरून आलेला तप्त ड्रम लगेच पाण्यात गेला, तर त्याला तडे जाण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात याच्या उलट प्रकार. खाणीतील बारीक भुकटी ड्रममध्ये जाऊन लायनर आणि ड्रम दोन्ही कानशीसारखी घासते.

दुरुस्तीचा क्रम

ब्रेकची दुरुस्ती सुरू होते ती जागेच्या निवडीपासून. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून, ज्या चाकांचे काम नाही त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. आसाखाली लोखंडी घोडी हवीच. पार्किंग ब्रेक सोडल्यावर गाडीला धरून ठेवणारे या ठोकळ्यांखेरीज काहीच उरत नाही, हे विसरून चालत नाही.

यानंतरचा धोका डोळ्यांना दिसत नाही. मागील चाकांच्या दुहेरी चेंबरमध्ये एक जाड स्प्रिंग दाबून बसविलेली असते. हवा असेपर्यंत ती दबलेली राहते. हवा गेली की ती स्वतःच ब्रेक लावते. हवा संपल्यावर गाडी सुटण्याऐवजी जागीच जखडावी, अशी ही योजना. रेल्वेतील स्वयंचलित हवेच्या ब्रेकमागेही, यंत्रणा निराळी असली तरी, हेच तत्त्व आहे. परंतु ही स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने ताणलेली असते. चेंबरचा मागचा पट्टा सोडला तर झाकण बंदुकीच्या गोळीसारखे उडते आणि समोरचा माणूस जिवानिशी जातो. म्हणून ठरावीक बोल्ट लावून स्प्रिंग जखडल्याखेरीज चेंबरला हात लावू नये, आणि स्प्रिंगचा भाग तर कधीही न उघडता संपूर्ण बदलावा. या एका नियमाला अपवाद नाही.

ड्रम उतरविल्यावर आत साचलेली काळी भुकटी हवेच्या नळीने फुंकून काढण्याची रीत आजही अनेक गॅरेजांत दिसते. ती तत्काळ बंद होणे आवश्यक आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरले जात असे, आणि हाती आलेला लायनर कशाचा आहे हे नुसत्या नजरेने कळत नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात रुतले की त्यापासून होणारे विकार, त्यात कर्करोगही आला, वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात; तोपर्यंत गॅरेजातील पोऱ्या प्रौढ झालेला असतो आणि आजाराचा संबंध त्या कामाशी जोडला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे जतन करण्याचा जो निर्देश दिला, त्यामागे हाच दीर्घ कालावधी होता. नाक्यावरच्या गॅरेजात अशी नोंद कोण ठेवणार? तेथे निदान भुकटी पाण्याने ओली करून फडक्याने पुसून घेणे, तोंडावर चांगला मास्क लावणे आणि ते कपडे घरी न नेणे एवढे तरी साधता येते. भुकटी व जळके तेल ओढ्यात टाकणे सर्वस्वी गैर आहे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून १९९१ मध्येच अधिसूचित झालेला आहे आणि त्याच ओढ्यांच्या काठी चिकूच्या वाड्या आहेत.

प्रत्यक्ष तपासणीत सर्वप्रथम लायनरची जाडी पाहावी. रिव्हेटचे डोके ड्रमला लागू लागले, तर उशीर झालेला आहे. निर्मात्याने दिलेल्या किमान जाडीपूर्वीच लायनर बदलावा, आणि तो एका आसाच्या दोन्ही चाकांवर एकाच वेळी व एकाच प्रतीचा बदलावा. एका बाजूस नवा आणि दुसऱ्या बाजूस जुना लायनर असलेली गाडी ब्रेक लावताच एकीकडे ओढली जाते. ओल्या रस्त्यावर ती आडवी होण्यास एवढे पुरते. तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याचा प्रकार सर्रास चालतो. तेल लायनरच्या अंगात मुरलेले असते आणि पहिल्याच उतारावर ते पुन्हा बाहेर येते. अशा वेळी लायनर बदलणे आणि हबचे गळके सील बदलणे ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतात.

ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो. लेथवर फिरवून ड्रम गुळगुळीत करता येतो, पण त्या व्यासापलीकडे गेलेला ड्रम पातळ होऊन लवकर तापतो व फुटतो. पृष्ठभागावरील बारीक रेषा एक वेळ चालतील. आरपार गेलेला तडा वितळवून जोडण्याची वस्तू नव्हे. शूच्या परतीच्या स्प्रिंग लायनरबरोबरच नव्या घालाव्यात. त्यांची किंमत थोडी असते आणि ढिल्या स्प्रिंगमुळे घासत राहिलेला ब्रेक नवा लायनर काही दिवसांत खातो. कॅमच्या बुशाला ग्रीस द्यावे, मात्र ते लायनरवर ओघळेल इतके नव्हे.

सर्व जुळवून झाल्यावर ढील काढण्याचे काम येते. टाकीत हवा पूर्ण भरून आणि पार्किंग ब्रेक सोडून, हाताने जुळवायच्या ॲडजस्टरचा नट लायनर ड्रमला टेकेपर्यंत फिरवावा व मग निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे किंचित मागे घ्यावा. दांडा चेंबरमधून जेथे बाहेर येतो तेथे खडूने खूण करावी, सहकाऱ्याला पूर्ण ब्रेक दाबून धरण्यास सांगावे आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजावे. खडू आणि पट्टी यांचा खर्च कोणत्याही कंत्राटदारास परवडणारा आहे. नव्या गाड्यांतील ॲडजस्टर आपोआप जुळतात. तेथे धाव वाढलेली आढळली, तर नट पिळून वेळ मारून नेण्यात अर्थ नसतो. दोष ॲडजस्टरमध्ये, बुशात किंवा कॅममध्ये असतो आणि तो शोधावा लागतो.

फेऱ्यांचे गणित

हे सारे ज्ञान नवे नाही. डिझेल मेकॅनिक आणि मोटार वाहन मेकॅनिक हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जुने अभ्यासक्रम आहेत आणि त्यांत ब्रेकचा पाठ असतोच. मग अडते कोठे? मोबदला फेऱ्यांवर ठरत असेल, तेथे गॅरेजमध्ये गेलेला अर्धा दिवस म्हणजे बुडालेल्या फेऱ्या, असा सरळ हिशेब मांडला जातो. लायनर ‘अजून आठवडाभर’ चालविण्याचा निर्णय मालक घेतो, परंतु पेडलवर पाय असतो तो चालकाचा आणि रस्त्याच्या कडेने शाळेला निघालेली असतात ती पाड्यावरची मुले. चैत्रात विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेला जाणारी माणसे महामार्गालगत पायी चालत असतात, तेव्हा तर ही जबाबदारी अधिकच वाढते.

मोठ्या प्रकल्पांच्या आवारात यंत्रांच्या तपासणीची वही ठेवली जाते आणि तपासणीविना यंत्र कामावर घेतले जात नाही. पोटकंत्राटदाराकडून भाड्याने आलेल्या एकट्यादुकट्या टिपरपर्यंत ही शिस्त पोचविणे कठीण असले, तरी अशक्य नाही. आवाराच्या दरवाजावर आलेल्या गाडीची हवा पूर्ण भरली आहे काय, इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला असता काटा झपाट्याने उतरतो काय आणि दांड्याची धाव किती आहे, या तीन गोष्टी पाहण्यास दोन माणसांना पंधरा मिनिटे पुरतात. आकडा वहीत तारखेसह लिहिला, तर पुढच्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून ढील कोणत्या चाकाची आणि किती वेगाने वाढते आहे, हे दुर्घटनेपूर्वीच समजते. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी रिकाम्या गाडीने, सपाट आवारात, कमी वेगाने घ्यावी. चार-सहा वेळा थांबवून पाहिल्यावर सर्व ड्रम जवळपास सारखेच तापले आहेत काय, हे हात न लावता, जवळ नेलेल्या तळव्याला जाणवणाऱ्या उबेवरून पाहावे. एक ड्रम थंड राहिला असेल, तर तो काम करीत नाही, आणि गाडी पुन्हा घोडीवर चढवावी लागते.