हेडफोन ‘कनेक्टेड’ म्हणतो, मग आवाज जातो कुठे?

भाचीची नोकरीसाठीची ऑनलाइन मुलाखत सकाळी अकराला होती. साडेदहालाच ती लॅपटॉपसमोर तयार होऊन बसली. हेडफोन पूर्ण चार्ज केलेला. तो चालू केल्यावर कानात नेहमीच्या बाईंनी ‘कनेक्टेड’ असे सांगितलेही. अकराला दहा मिनिटे कमी असताना लक्षात आले, की लॅपटॉपचा आवाज हेडफोनमध्ये येतच नाही. लॅपटॉपच्या यादीत हेडफोनचे नाव दिसत होते, पण त्यावर क्लिक केले की जोडणी होत नव्हती. बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. मग घरात शोधाशोध झाली. आदल्या रात्री एक गाणे ऐकण्यासाठी तिने हेडफोन बाबांच्या फोनला जोडला होता. तो फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता आणि हेडफोन गुपचूप त्यालाच जाऊन मिळाला होता. त्या फोनचे ब्लूटूथ बंद केले, लॅपटॉप जोडला गेला, मुलाखत सुरू झाली. तिच्या पहिल्याच वाक्यावर समोरून विचारणा झाली, ‘‘तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतोय?’’

हेडफोन बिघडलेला नव्हता, लॅपटॉपही नाही. दोन्ही घोटाळे ब्लूटूथच्या नियमांप्रमाणेच झाले. हे नियम कोणी सांगत नाही. खोक्यातल्या घडीच्या कागदावर ‘बटण दाबा आणि फोनवर नाव निवडा’ एवढेच छापलेले असते.

पेअरिंग म्हणजे जोडणी नव्हे

एखाद्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह करणे वेगळे आणि त्याला फोन लावणे वेगळे. पेअरिंग म्हणजे नंबर सेव्ह करणे. ते एकदाच होते. त्या वेळी हेडफोन आणि फोन मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघेही ती आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या प्रत्येक जोडणीच्या वेळी ही किल्ली जुळते का, एवढेच पाहिले जाते. म्हणून पहिल्या दिवसानंतर पुन्हा काही विचारले जात नाही.

लॅपटॉपच्या यादीत नाव दिसते, याचा अर्थ किल्ली जपलेली आहे, इतकाच. हेडफोन त्या क्षणी मोकळा आहे की नाही, हे ती यादी सांगत नाही. साधारणपणे हेडफोन चालू झाला, की तो आधी शेवटच्या जोडीदाराला शोधतो. तो जवळपास सापडला, की लगेच जोडला जातो आणि कानात ‘कनेक्टेड’ ऐकू येते. कोणाला जोडला गेला, हे मात्र बहुतेक हेडफोन सांगत नाहीत. भाचीची फसगत इथेच झाली.

नवीन फोन किंवा लॅपटॉप जोडताना सर्वाधिक होणारी चूकही यातूनच येते. हेडफोन नुसता चालू करून लोक फोनवर नाव दिसण्याची वाट पाहत बसतात. पण चालू झालेला हेडफोन जुन्या ओळखीच्या शोधात असतो, अनोळखी उपकरणांना तो दर्शनच देत नाही. त्याला ‘नव्या ओळखीला तयार आहे’ या अवस्थेत, म्हणजे पेअरिंग मोडमध्ये, मुद्दाम न्यावे लागते. डोक्यावरच्या हेडफोनमध्ये बहुधा चालू-बंदचेच बटण काही सेकंद दाबून धरायचे असते. इअरबडमध्ये अनेकदा डबीवरचे बटण दाबून धरावे लागते आणि इअरबड डबीतच, झाकण उघडे, असे ठेवावे लागतात. दिवा भराभर लुकलुकू लागला, काहींमध्ये लाल-निळा आळीपाळीने, की समजावे. मग फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये, विंडोज लॅपटॉप असेल तर ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’मधल्या ‘अ‍ॅड डिव्हाइस’वर जाऊन नाव निवडायचे. टेबलावरच्या जुन्या संगणकात ब्लूटूथ नसतेच, असे पुष्कळदा होते. तिथे यूएसबीत खोचायचा छोटा डाँगल घ्यावा लागतो.

‘पेअर्ड’ दिसते, पण जोडत नाही

ही तक्रार सर्वांत चिवट आहे आणि तिचे कारण साधे आहे. किल्ली एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही.

हेडफोनची आठवण मर्यादित असते. किती उपकरणे लक्षात ठेवायची, हे मॉडेलवर ठरते. अनेक मॉडेलमध्ये ती संख्या आठ आहे. नववे उपकरण जोडले, की सर्वांत जुन्याची किल्ली पुसली जाते. फोन, लॅपटॉप, टीव्ही, ऑफिसचा संगणक, मुलांचा टॅब, मित्राची गाडी असे करता करता आठ कधी भरतात ते कळत नाही. हेडफोन ‘रिसेट’ केला तर सगळ्याच किल्ल्या जातात. पण याची खबर लॅपटॉपला नसते. तो आपल्याकडची जुनी किल्ली दाखवत राहतो, हेडफोन ती ओळखत नाही, आणि स्क्रीनवर मोघम संदेश येतो.

अशा वेळी पुन्हा पुन्हा ‘कनेक्ट’ दाबण्यात अर्थ नाही. आधी लॅपटॉपमधून हेडफोन ‘रिमूव्ह’ किंवा फोनमधून ‘फर्गेट’ करायचा, मग हेडफोन पेअरिंग मोडमध्ये न्यायचा आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखी ओळख करून द्यायची. दहापैकी नऊ वेळा काम होते, असे मी अनुभवावरून सांगतो, कोणत्या पाहणीच्या आधारे नव्हे.

एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्हींशी जोडलेला राहणारा हेडफोन हवा असेल, तर खरेदी करताना ‘मल्टिपॉइंट’ ही सोय आहे का ते पाहावे. ती नसेल, तर जो आधी पोहोचला त्याचा हेडफोन. दुसऱ्याला हवा असेल, तर पहिल्याकडून सोडवून घ्यावा लागतो. आयफोनवाल्यांसाठी एक खाचखळगा इथे आहे. कंट्रोल सेंटरमधून ब्लूटूथचे चिन्ह दाबले, तर ते पूर्ण बंद होत नाही. हेडफोन तेवढा सुटतो आणि पहाटे पाचला फोन पुन्हा जोडणीला तयार होतो. रात्री ‘बंद’ केलेला फोन सकाळी अकराच्या मुलाखतीत आडवा येऊ शकतो. खरोखर बंद करायचे, तर सेटिंग्जमध्ये जाऊनच करावे.

विहिरीतला आवाज

आता दुसरा घोटाळा. हा अधिक महत्त्वाचा, कारण यात तुम्हाला स्वतःला काही कळत नाही. त्रास समोरच्याला होतो.

तुमचा हेडफोन प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी बोलतो. गाणे ऐकताना ‘एटूडीपी’ नावाची पद्धत वापरली जाते. यात आवाज एकाच दिशेने जातो, फोनकडून कानाकडे. सगळी वाट त्या एका कामाला मिळते, त्यामुळे दोन्ही कानांत स्वतंत्र, भरदार आवाज येतो. माइक लागला, की हेडफोनला दुसऱ्या पद्धतीवर जावे लागते. तिचे नाव ‘हँड्सफ्री प्रोफाइल’. तिचा घाट फोन कॉलसाठी घडवलेला आहे. दोन्ही दिशांनी आवाज, पण एकाच वाहिनीचा आणि बराच आकसलेला. सीडीवरच्या गाण्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. या पद्धतीत जुन्या प्रकाराला ८,००० आणि सुधारित प्रकाराला १६,०००. म्हणून गाणे चालू असताना मीटिंगचे अ‍ॅप उघडले आणि त्याने माइक हातात घेतला, की गाणे एकदम टेपरेकॉर्डर खराब झाल्यासारखे वाजू लागते. तुमचा आवाजही त्याच आकसलेल्या वाटेने समोर पोहोचतो.

यावर उपाय फुकट आहे. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये आवाजाच्या सेटिंग्ज उघडा. स्पीकर म्हणून हेडफोन निवडा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक. हेडफोनचा माइक मोकळा राहिला, की तो संगीताच्या पद्धतीवरच थांबतो. तुम्हाला समोरचे स्वच्छ ऐकू येते आणि तुमचा आवाज आकसत नाही. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन नावे दिसतात, एकापुढे ‘स्टीरिओ’ आणि दुसऱ्यापुढे ‘हँड्सफ्री’. तिथे स्पीकरसाठी ‘स्टीरिओ’ असलेले निवडायचे. खोलीत पंखा घरघरत असेल किंवा शेजारी मिक्सर चालू असेल, तर लॅपटॉपचा माइक ते सगळे उचलतो, ही या उपायाची किंमत. आणि मुलाखत, तोंडी परीक्षा, न्यायालयातली ऑनलाइन सुनावणी असे काही असेल, तर माझे मत विचाराल तर खणातला तारेचा इअरफोन शोधून काढावा. त्याला पेअरिंग नाही, बॅटरी नाही, आणि तो बाबांच्या फोनकडे पळत नाही. लॅपटॉपवर बहुधा त्याचे भोक अजून टिकून आहे.

ब्लूटूथवाल्यांना ही अडचण माहीत नाही असे नाही. २०२० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ५.२ बरोबर ‘एलई ऑडिओ’ची पायाभरणी झाली. त्यातला ‘एलसी३’ हा कोडेक कमी जागेत चांगला आवाज बसवतो आणि माइक चालू असतानाही दर्जा टिकवू शकतो. पण त्यासाठी हेडफोन आणि लॅपटॉप दोघांनाही ते यावे लागते. शिवाय खोक्यावर ‘ब्लूटूथ ५.३’ छापले म्हणजे एलई ऑडिओ आलेच, असे नाही. ती सोय ऐच्छिक आहे. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याआधी ‘एलई ऑडिओ’ हे शब्द खोक्यावर वेगळे शोधावेत.

मध्येच तुटणाऱ्या आवाजाबद्दल थोडक्यात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. गर्दी टाळण्यासाठी हेडफोन आणि फोन ७९ वाहिन्यांमध्ये सेकंदाला १,६०० पर्यंत उड्या मारतात. तरीही आपले शरीर या लहरी शोषते. म्हणून मागच्या खिशातला फोन वरच्या खिशात आणला तरी फरक पडतो. लॅपटॉपला यूएसबी ३.० ची हार्डडिस्क लावली असेल, तर तिच्या विद्युत गोंधळामुळेही आवाज तुटतो. तिला थोडी लांब ठेवून पाहावे.

कानातला माइक दुसऱ्याच्या हाती?

जुन्या हेडफोनला जोडताना ०००० किंवा १२३४ असा आकडा टाकावा लागे. २००७ मध्ये आलेल्या ब्लूटूथ २.१ पासून ही पद्धत मागे पडली. आता किल्ली गणिताने तयार होते आणि हवेतून जशीच्या तशी पाठवली जात नाही, हे चांगलेच. पण हेडफोनला ना पडदा, ना आकड्यांची बटणे. त्यामुळे दोन फोन जोडताना दोन्हीकडे तोच आकडा दिसतो का, ही तपासणी इथे होत नाही. त्या क्षणी समोर कोण आहे याची खातरजमा न करताच ओळख होते. लोकलच्या डब्यात किंवा जिममध्ये एकाच मॉडेलचे चार हेडफोन यादीत दिसतात, तिथे पहिली पेअरिंग करू नये. घरी करावी आणि सेटिंग्जमधून हेडफोनला वेगळे नाव द्यावे.

खरा धोका याहून खोल आहे. २०२५ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या ‘ईआरएनडब्ल्यू’ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ‘एरोहा’ कंपनीच्या चिपमधल्या त्रुटी उघड केल्या. या चिप अनेक नामांकित कंपन्यांच्या हेडफोनमध्ये आहेत. जवळपास असलेला जाणकार हल्लेखोर पेअरिंग न करताच अशा हेडफोनच्या आठवणीत शिरून किल्ली उचलू शकतो आणि मग तुमच्या फोनसमोर तुमचा हेडफोन म्हणून उभा राहू शकतो, असे त्यांनी दाखवले. असा हल्ला करायला ब्लूटूथच्या टप्प्यात यावे लागते आणि बरीच तांत्रिक तयारी लागते. त्यामुळे घाबरून हेडफोन फेकायचे कारण नाही. पण याची दुरुस्ती फक्त हेडफोनच्या अंतर्गत सॉफ्टवेअरच्या अपडेटने होते आणि ते अपडेट बहुधा त्या कंपनीच्या अ‍ॅपमधूनच येते. ते अ‍ॅप आपण पहिल्या दिवशीच ‘कशाला जागा अडवायची’ म्हणून काढून टाकतो. ज्या स्वस्त इअरबडना अ‍ॅपच नाही, त्यांना असे अपडेट मिळण्याची शक्यता फार कमी.

हेडफोन विकताना किंवा कोणाला देताना तो रिसेट करावा. जुना फोन देतानाही त्यातली ब्लूटूथची यादी रिकामी झाली ना, हे पाहावे. भाड्याच्या गाडीला फोन जोडला असेल, तर उतरण्याआधी गाडीच्या यादीतून आपले नाव काढावे. त्या यादीसोबत अनेकदा तुमचे संपर्कही गाडीत उतरलेले असतात.

भाचीची दुसरी फेरी गेल्या आठवड्यात झाली. कानात तोच हेडफोन, माइक लॅपटॉपचा, पंखा बंद. बाबांच्या फोनमधून हेडफोनचे नाव तिने आदल्या रात्रीच काढून टाकले होते. निकाल अजून यायचा आहे.