सतरा नोंदी, तीनशे जोड्या

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली की टोपल्या मोजता येतात; पण पाण्यात मासळी किती होती, हे टोपल्या सांगत नाहीत. त्यासाठी जाळं किती सोडतं हे ठाऊक हवं. कणांच्या टकरींतून जड क्वार्क कसे मोजतात, हे सांगायला माझ्यासारख्या मालवणच्या माणसाजवळ याहून जवळचा दाखला नाही.

सहा क्वार्कांपैकी चार्म, बॉटम आणि टॉप हे तीन जड. टॉप तर एकटाच जवळजवळ सोन्याच्या अणूइतका. तो थेट कुणालाच दिसत नाही. जन्मताच डब्ल्यू कण आणि बॉटम क्वार्क यांत मोडतो. बॉटम असलेले कण मात्र नाहीसे होण्याआधी काही मिलिमीटर धावतात. टकरीच्या जागेपासून जराशा अंतरावर फुटलेल्या त्या वाटा सिलिकॉनच्या पट्ट्यांनी टिपल्या, की ओळख पटते.

शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये सीडीएफ या प्रयोगाकडे अशा पट्ट्या होत्या. डीझीरो या दुसऱ्या प्रयोगाकडे तेव्हा नव्हत्या. या डीझीरोत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, तसेच दिल्ली आणि पंजाब विद्यापीठांचे संशोधक होते. तिथे दुसरी खूण धरली गेली: बॉटम मोडताना कधीकधी म्यूऑन बाहेर पडतो आणि जाडजूड धातू भेदून पलीकडे जातो.

2 मार्च 1995 रोजी दोन्ही गटांनी टॉपचा शोध जाहीर केला. लाख कोटींच्या घरातल्या टकरी चाळून डीझीरोच्या हाती 17 नोंदी उरल्या होत्या. पुढची पायरी मला सर्वांत आवडते. टॉप नसतानाही तशाच दिसणाऱ्या घटना 3.8 असाव्यात, असा त्यांचा अंदाज. त्या वजा जाता उरतात तेरा. पण चाळणी इतकी कडक, की माझ्या ढोबळ हिशेबाने पंचवीसांतली एखादीच जोडी तीतून पार होत असे. म्हणजे प्रत्यक्षात जन्मलेल्या जोड्या तीनशेच्या आसपास! अशी जोडी जन्मण्याची शक्यता पिकोबार्न या एककात मोजतात. तिचं माप आलं 6.4, अधिक-उणे 2.2. तिसऱ्या हिश्शाएवढी अनिश्चितता, आणि तीही आकड्यासोबतच छापलेली. त्या निबंधातला मला सर्वांत भावलेला आकडा हा 2.2 आहे.

पुढे सर्नच्या सीएमएस प्रयोगात 2015 ते 2018 या काळात टॉपच्या दहा कोटींहून अधिक जोड्या जन्मल्या. त्या उपकरणाचा चुंबकाबाहेरचा ऊर्जामापक टाटा संस्थेत घडला. आता नोंदींचा तुटवडा नाही. अनिश्चितता दोन-तीन टक्क्यांवर आली आहे, आणि तिचा मोठा वाटा दोन प्रश्नांचा: एकूण टकरी नेमक्या किती झाल्या, आणि उपकरणाच्या हातून किती जोड्या निसटल्या.