आज्ञा आणि अध्यापन

इंग्रजीतील 'इन्स्ट्रक्ट' हे क्रियापद व्यापारी कुटुंबास अपरिचित नाही. शाळेत त्याचा अर्थ शिकविणे, तर पेढीवर आज्ञा देणे. अशील वकिलास खटल्याची माहिती देऊन काम सोपवितो, तेव्हाही हेच क्रियापद वापरतात. ठरलेली रक्कम दरमहा वळती करण्यास आपण बँकेला सांगतो, ती 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन'. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ रचणे, उभारणे, सज्ज करणे असा आहे; 'स्ट्रक्चर' हा शब्दही त्याच कुळातला.

संस्कृतातील 'शास्' धातूतही शिकविणे आणि राज्य करणे हे दोन्ही अर्थ नांदतात. शासन, शास्त्र, अनुशासन व शिष्य हे शब्द त्यातूनच आले. 'जिनशासन' म्हणताना मात्र आपल्यास राजसत्ता अभिप्रेत नसते. जिनेश्वरांची शिकवण अभिप्रेत असते. णमोकार मंत्रात आचार्य आणि उपाध्याय यांना स्वतंत्र वंदन आहे. आचार्य संघाचे नेतृत्व करतात, दीक्षा व प्रायश्चित्त देतात. उपाध्याय शास्त्राचे अध्यापन करतात. संघाला दोघांचीही आवश्यकता असते.

आपल्या पेढ्यांवर आज्ञेची उणीव नाही; उणीव असते ती अध्यापनाची. चाटी गल्लीतील कापडाच्या दुकानात वडील मुलास म्हणतात, "त्यांना उधारी देऊ नकोस." मुलगा ऐकतो, पण ती आज्ञा त्या एका गिऱ्हाइकापुरतीच राहते. खातेवही उघडून मागील बाकी किती दिवसांनी आली, तोवर आपले किती भांडवल अडकले आणि सूतवाल्याचे देणे कसे भागविले, हे दाखविले, तर पुढील गिऱ्हाइकाचा निर्णय तो स्वतः घेऊ शकेल. केवळ हुकूम ऐकत वाढलेल्या मुलास पेढी परक्याची वाटू लागते. मग तो पुण्यात नोकरी धरतो आणि पिढ्यांचा अनुभव वडिलांपाशीच थांबतो.

सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात समाजासाठी नियतकालिक काढले, त्याचे नाव 'जैन बोधक'. 'बोधक' म्हणजे ज्ञान देणारा, जागे करणारा. व्यवहारात आज्ञा द्यावीच लागते. तिच्यामागचे कारणही घरातील मुलांना, आणि मुलींनाही, सांगावे. येत्या दिवाळीत वहीपूजनानंतर गतवर्षाची एक वही त्यांच्यासमवेत पानापानाने वाचून हा आरंभ करता येईल.