कुत्र्याला रोज तेच बिस्किट कशाला?

घरात ‘बस’ शिकवताना रोजच्या खाण्यातले दाणेही पुरतात. पण बागेत, समोर मांजर असताना ‘ये’ म्हटल्यावर त्यानं धावत यावं असं वाटत असेल, तर मोबदलाही तसाच हवा. उकडलेलं चिकन, किंवा बिनमिठाची शिजवलेली कलेजी, तीही थोडीच. ही एरवी द्यायची नाही, तरच तिचा मान टिकतो. शाकाहारी घरात पनीर, उकडलेलं रताळं, गाजर. (आमच्याकडे काकडीला भाव नाही!) पिशवीत दोन-तीन प्रकार मिसळून ठेवा, पुढे काय मिळेल याची उत्सुकता राहते. तुकडा वाटाण्याएवढाच, नाहीतर स्वारी चघळत बसते. सगळा खाऊ दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांत बसवा. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण बंद. पीनट बटरच्या बरणीवर ‘झायलिटॉल’ दिसलं तर तेही नको, कुत्र्यांना ते विष आहे.